उष्टावणाची परात

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की माझे डोके आजही तापते. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक पितळेची परात होती आणि चाळीस शहाणी माणसे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. मी घाटकोपरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. नागरिकत्वाचा कायदा नुकताच कडक झाला होता. या देशात जन्म झाला एवढ्यावर आता भागणार नव्हते, आईबापांपैकी एक तरी इथला नागरिक हवा. नियम यापुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी होता. पण बातमी शेवटपर्यंत वाचायचा दम कोणाला असतो? जो तो शेजाऱ्याचा जन्म तपासू लागला. आमच्या टपालात रोज निनावी पत्रे. अमक्याच्या घरात परकी भाषा ऐकू येते, तमकीचा नवरा कुठून आला ते बघा. अशा एका ‘परदेशी’ माणसाच्या दारात मी गेलो, तर तो कारवारचा निघाला.

त्यातच एके सकाळी एका चाळीचा सेक्रेटरी अर्ज घेऊन आला. निनावी नाही, चांगला चाळीस सह्यांचा. चाळीत एक पाकिस्तानी बाई बेकायदा राहते, असा मजकूर.

“कशावरून?” मी विचारले.

“तिनेच लिहून दिलंय ना साहेब! पासपोर्टच्या फॉर्मवर. जन्मस्थान कराची!”

ही बाई महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. चाळीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. मस्कतच्या एका इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती आणि महिनाभरात हजर व्हायचे होते. चाळीत राहत असल्याच्या दाखल्यासाठी ती फॉर्म घेऊन सेक्रेटरीकडे गेली. त्याने आधी दाखला दिला, मग वर्तमानपत्र वाचले आणि अर्ज लिहिला. दोन्हींवर सही त्याचीच.

तिच्या पासपोर्टची पडताळणी आमच्याच ठाण्याकडे होती. सीनियर साहेब म्हणाले, “चाळीस सह्या आहेत. पुरावा नसेल तर प्रतिकूल शेरा मारा आणि मोकळे व्हा.” बाई परकी आहे हे कोणी सिद्ध करायचे नव्हते. आपण इथल्या आहोत हे तिनेच सिद्ध करायचे होते.

मी तिला बोलावले. ड्यूटी संपवून ती पांढऱ्या साडीतच आली आणि बाकावर ताठ बसली.

“कराचीत कसा काय जन्म झाला?”

“आईचं माहेर तिथं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना? आजोबा मालवणहून कराची बंदरात कामाला गेले होते. आई बोटीनं गेली आणि मला घेऊन बोटीनं परत आली. वडील इथेच होते, याच चाळीत.”

“परत कधी आलात?”

“तीन महिन्यांची होते साहेब. तारीख विचारायची राहिली.”

मी ओशाळलो, पण जबाब लिहीत राहिलो. वडील इथले, हे त्यांच्या गिरणीच्या कागदांवरून दिसत होते. ती स्वतः फाळणीच्या आधी, तान्हेपणीच इथे आली एवढेच दाखवायचे होते, आणि तिथेच घोडे अडले होते. तिचा पहिला कागद शाळेचा, वयाच्या सातव्या वर्षाचा. आईवडील दोघेही गेलेले.

“चाळीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली,” ती एकदम म्हणाली. “त्यांच्या जन्माच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझी कोणी लिहायची?” एवढे बोलून तिने पदर डोळ्यांना लावला.

पुढचे दोन आठवडे मी शाळा, रेशनिंग ऑफिस, गिरणी असे खेटे घातले. हाती काही लागले नाही. शेवटी सेक्रेटरीचा जबाब बाकी होता म्हणून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको समोरच कणीक मळत होती. कुठेही गेलो की भांड्यांवरची नावे वाचायची मला सवय. चोरीच्या मालाने लावलेली. परातीच्या काठावर कोरले होते: ‘चि.’, पुढे सिस्टरचे माहेरचे नाव, ‘हिच्या उष्टावणानिमित्त समस्त चाळकरी मंडळींकडून सप्रेम भेट’. खाली तारीख, फाळणीच्या दोन महिने आधीची.

“ही परात कोणाची?”

उत्तर आतल्या खोलीतून आले, सेक्रेटरीच्या म्हाताऱ्या आईचे.

“ती बायची! उष्टावणाक आम्ही सगळ्यांनी मिळान दिली. गणपतीत मोदकांक म्हणून आणलंव, ती परत करूची रवली.” मग बाहेर येऊन मुलाला, “आणि तू रे, त्या दिवशी खीर दोनदा वाढून घेतलंस!”

ज्या चाळीने तिला पहिला घास भरवला, त्याच चाळीने तिच्याविरुद्ध चाळीस सह्या केल्या होत्या. कणकेसकट परात उचलून सेक्रेटरीच्या डोक्यात घालावी, असे मला वाटले. त्याऐवजी मी म्हातारीचा जबाब घेतला, अंगठा घेतला, कणीक काढायला लावून परातीचा पंचनामा केला. पंच म्हणून अर्जावरच्या सेक्रेटरीनंतरच्या दोन सह्यांचे धनी बोलावले. दोघांनी मान खाली घालून सह्या केल्या.

“परात?” सीनियर साहेब ओरडले. पण म्हातारीचा जबाब आणि परातीवरची तारीख जुळत होती. अनुकूल शेरा गेला. पासपोर्ट मात्र उशिरा आला. मस्कतची जागा तोवर भरली होती. परात तिला परत केली तेव्हा तिने काठ पदराने पुसला आणि ती घेऊन गेली.

“साहेब, मनात काही नव्हतं हो,” सेक्रेटरी नंतर म्हणाला. मला ते पटते, आणि म्हणूनच संताप येतो. त्या चाळिसांपैकी बहुतेकांना तिला हाकलायचे नव्हते. सही केली नाही तर उद्या आपल्याला विचारतील, एवढीच भीती. नोकरीत मी गुन्हेगार पुष्कळ पाहिले, पण घाबरून सही करणाऱ्या सज्जनांनी मला जास्त दमवले. त्यानंतर असा अर्ज आला की मी सह्या मोजत बसलो नाही. आधी अर्जदाराच्या घरी जायचो.

वर्षभराने दुसऱ्या एका चौकशीसाठी प्रसूतिगृहात गेलो होतो. सेक्रेटरी तिथे उभा. त्याची सून बाळंत झाली होती, आणि बाळंतपण सिस्टरने केले होते. ती बाहेर आली, नातू झाल्याचे सांगितले आणि त्याच्या हातात एक कागद ठेवला.

“अण्णा, ही जन्माची चिठ्ठी. नीट सांभाळून ठेवा,” ती म्हणाली. “दर वेळी परात सापडेलच असं नाही.”