माझी चप्पल अल्याडच होती

सांगावं की नाही, असं अजून मनात येतं. पण तुम्ही घरचेच. हसा, फक्त कपातला चहा सांडू देऊ नका.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही शिरड शहापूरचे. माझी नात सुजाता तेव्हा आठवीत होती. शाळेनं तिला पोहण्याच्या निवडीसाठी हिंगोलीला पाठवलं. तिथल्या तलावावरचे सर म्हणाले, "पोरगी दमदार आहे, पण पाण्याखाली कोपर पडतं, हात निसटतो. आठ दिवसांत सुधारलं तर विभागाच्या स्पर्धेला पाठवतो."

एसटीत पोरगी घरापर्यंत आपलं कोपर वर-खाली करून बघत होती. मी म्हणालो, "आठ दिवस लय झाले, बाई. मी हाय ना."

शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण पोहण्यात जन्म गेला. रोज सकाळी सुजाता आमच्या विहिरीत आणि मी पायरीवर.

"हळदीचा ढीग कसा ओढतो आपण? नुसत्या बोटांनी का? कोपर वर ठेवून सगळा हात लावतो. पाणी तसंच ओढ, पार मांडीपर्यंत."

पोरीला ते बराबर कळलं. आठव्या दिवशी तिनं न थांबता वीस चकरा मारल्या. माझी छाती फुगली. चकरा मारल्या, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

निवडीच्या दिवशी हिंगोलीच्या तलावात सुटली तशी सगळ्यांच्या पुढं. मग हळूहळू डावीकडं सरकू लागली. दोन पोरींच्या मधल्या दोरीला धडकली. सरळ झाली, पुन्हा डावीकडं. पोचली ती शेवटून दुसरी. काठाला धरून खाली बघत राहिली. तिच्या तोंडावर तलावाचं पाणी किती आणि डोळ्यांचं किती, मला कळेना.

मला राहवलं नाही. "सर, तुमचा तलाव वाकडा हाय."

"तलाव वाकडा कसा असेल, आजोबा?"

"मग पाणी एका अंगाला ओढून राहिलं."

सर भला माणूस. म्हणाले, "दोऱ्या काढतो. तुम्हीच पोहून दाखवा."

चप्पल काठावर काढली, धोतराचा काचा मारला आणि उतरलो. पाण्यातल्या औषधानं डोळे चुरचुरले, म्हणून गच्च मिटले. कोपर वर, हळदीचा ढीग आठवून ओढत राहिलो. शेवटी हाताला भिंत लागली. डोकं बाहेर काढून ऐटीत विचारलं, "आलो का न्हाई पल्याड?"

सुजाता वाकून हळूच म्हणाली, "आबा, हे अल्याडच हाय. तुमची चप्पल बघा."

चप्पल माझ्या नाकासमोर होती.

गोल विहिरीत जन्मभर एकाच बाजूनं फिरलो. उजवा हात पुरा ओढायचा, डावा अर्धाच, नाहीतर कपाळ भिंतीवर. माझ्या अंगातली ती खोड मी लेकराच्या अंगात भरली होती, आणि मला पत्ता नव्हता.

सर हसून हसून खालीच बसले. डोळे पुसत म्हणाले, "पोरीचं कोपर मात्र मस्त झालंय. डावा हात पूर्ण ओढू द्या. रविवारी परत बघतो."

मग आम्ही कालवा धरला. संथ पाणी, सरळ काठ. ती पोहायची, मी काठानं चालायचो. रविवारी तिची निवड झाली.

कालव्यावर एकदा तिनं विचारलं होतं, "आबा, तुमी काहून उतरत न्हाई?"

म्हणालो, "चपलांपाशी कुणीतरी पाहिजे ना, बाई."