पाहुण्याची साक्ष

आमच्या साताऱ्याच्या हौशी नाटकमंडळींत पाहुणा नट बोलावण्याची पद्धत होती. नाटक परगावी न्यायचं ठरलं की एखाद्या लहानशा पण ठसठशीत कामासाठी बाहेरचा माणूस आणायचा, जाहिरातीत त्याचं नाव आपल्यापेक्षा मोठ्या टायपात छापायचं आणि तालमीत त्याची बडदास्त ठेवायची. मला ही पद्धत मुळीच आवडत नसे. नाटक मी लिहायचं, मी बसवायचं, वकिलाचं मुख्य काम मी करायचं आणि टाळ्या मात्र पाहुण्याने न्यायच्या, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. तरी दुसरं महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमारास मी स्वतःच एक पाहुणा बोलावला. त्याने आयुष्यात कधी रंगभूमीवर पाऊल टाकलं नव्हतं. पण त्याचं काम मी पाहिलेलं होतं, तेही खऱ्या कोर्टात.

मी साताऱ्यात एका फौजदारी वकिलांकडे कारकून होतो. दावे-फिर्यादींचे कागद मी लिहीत असे, पण माझी खरी हातोटी साक्षीदार पढवण्यात. खेड्यातला माणूस कोर्टात उभा राहिला की त्याची दातखीळ बसते. त्याला वकिलांच्या ओसरीवर बसवायचं, आपण समोरचा वकील व्हायचं आणि उलटसुलट प्रश्न विचारून त्याची तयारी करून घ्यायची. उत्तर पाठ केलेलं वाटता कामा नये, ते तोंडात बसलं पाहिजे. नाटकाच्या तालमी घेताना मला या कामाचा फार उपयोग झाला. यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. सगळेच वकील करत, आणि आमच्या वकीलसाहेबांकडे हे काम सर्वांत चोख होई, याचा मला अभिमानच होता.

हा पाहुणा पलूसच्या बाजूचा शेतकरी. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. लढाईच्या आधी त्याच्या गावात एकाची कडब्याची गंजी कोणीतरी पेटवून दिली. ज्याची गंजी जळाली तो आमचा पक्षकार. त्याचा संशय होता पाहुण्याच्या थोरल्या चुलतभावावर. दोघे भाऊ एकाच घरात वाढलेले. पाहुणा लहानपणीच पोरका झाला, तेव्हा चुलतीने, म्हणजे या थोरल्याच्या आईने, त्याला पोटच्यासारखा वाढवला. पण पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत बिनसलं आणि बोलणं तुटलं. नेमकी त्याच दिवसांत गंजी पेटली, आणि पळणारा माणूस या पाहुण्याने पाहिला होता.

“पाठमोरा हुता,” तो मला ओसरीवर म्हणाला. “घोंगडं घ्येतल्यालं. तोंड न्हाई दिसलं.”

मी म्हटलं, “चाल कोणासारखी होती?”

तो जरा घुटमळून म्हणाला, “दादावानी वाटली.”

“चाल ओळखू आली, तर तोंड दिसलं म्हणायला तुझं काय जातं?”

एवढंच. मी त्याच्याकडून याहून मोठं खोटं काही वदवून घेतलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

पण खटला उभा राहण्याआधीच त्याची चुलती आडवी आली. कोर्टातली शपथ तिला मान्य नव्हती. “खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचल, मग मी मानीन,” असं ती त्याला गावासमोर म्हणाली. आमच्याकडे तळहातावर बेलाचं पान आणि देवाचा भंडारा, म्हणजे देवावरची हळद, घेऊन बोललेला शब्द शेवटचा. त्यावर खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो. पाहुणा भेदरून साताऱ्याला धावत आला. मी हसलो आणि त्याला तोड सांगितली: देवाचा भंडारा घ्यायचाच नाही, बाजारातून हळद घ्यायची आणि पुडीत बांधून न्यायची. “हातात पान आणि दुकानची हळद. त्यात देवाचा संबंध कुठे येतो?” ही युक्ती सुचल्याबद्दल मी दोन दिवस खुशीत होतो. त्याने तसंच केलं. चुलतीने त्याचा शब्द मानला. मग कोर्टातही तो असा बोलला की न्यायाधीशांनी मान डोलावली. थोरल्याला तीन वर्षांची सजा झाली.

त्यानंतर सातेक वर्षांनी मी माझं खुनाचं नाटक लिहिलं. दुसऱ्या अंकात एक साक्षीदार भर कोर्टात बेलभंडार उचलून खोटं बोलतो आणि निरपराध नायक फासावर जायची वेळ येते, असा प्रसंग होता. खऱ्या कोर्टात बेलभंडार नसतो हे मला कळत होतं, पण नाटकात तो शोभतो. आमच्यातला पोस्टातला एकजण ते काम तार वाचून दाखवावी तसं करायचा. नाटक सांगलीला न्यायचं होतं, आणि सांगलीकरांसमोर तसं चालणार नव्हतं. सांगलीकर नाटकाला आले की आधी चूक शोधतात, मग खुर्ची. मला पाहुण्याची आठवण झाली आणि मी पोस्टकार्ड टाकलं.

तो आला आणि नाटकाचं ऐकून उठूनच उभा राहिला. “आवं, नगं. म्या न्हाई त्या भानगडीत पडायचा.” मी त्याला कचेरीत नेहमी अरेतुरे करत असे. त्या दिवशी गरज माझी होती, म्हणून अहोजाहो करत होतो. तो गेला तो गेलाच. आठवड्याने आपण होऊन परत आला.

“करतो. पर यक आट हाय. माजा दादा सांगलीत हाय, हळदीच्या पेवांवर कामाला. सुटल्यापास्नं गावात आला न्हाई. माज्याशी बोलत बी न्हाई. त्येला म्होरच्या रांगंत बसवा.”

“मानाने बसवू.”

“त्यो बोलला पायजे,” तो म्हणाला. “शिव्या का दीना, पर बोलला पायजे.”

मला वाटलं, याला भावासमोर मिरवायचं आहे, भाऊ कौतुकाने बोलेल अशी याची भाबडी आशा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तेवढंही उजाडलं नाही.

पास पोचवायला मी स्वतः गेलो. हळद साठवायची ती खोल पेवं नदीकाठी होती. थोरला भाऊ कमरेपर्यंत पिवळा होऊन पेवाच्या तोंडाशी बसला होता. मी साताऱ्याचा नाटकवाला, एवढीच ओळख त्याला दिली. आपला चुलतभाऊ काम करणार हे त्याने ऐकून घेतलं. पास त्याने घेतला, टोपीच्या घडीत खोचला आणि पुन्हा पेवाकडे वळला.

रॉकेल रेशनवर होतं, बत्त्या मिळत नव्हत्या, म्हणून खेळ दुपारी तीनला लावला. थिएटरची दारं उघडी ठेवून आत उजेड घेतला होता. त्या उन्हात आमचं रंगवलेलं कोर्ट अगदीच पत्र्याचं दिसत होतं. पाहुणा स्वतःच्याच धोतर-पटक्यात होता. पडद्याच्या भोकाला डोळा लावून तो उभा होता. “आलाय,” एवढंच मला म्हणाला.

दुसऱ्या अंकात तो पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. शिपायाने बशीतली हळद पुढे केली. पाहुण्याने ती हाताने बाजूला सारली.

“ही ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “म्या द्येवाचा आणलाय. काल पालीच्या खंडोबाला जाऊन आलो.”

कनवटीची पुडी सोडून त्याने भंडारा तळहातावर घेतला, वर बेलाचं पान ठेवलं. हे माझ्या नाटकात नव्हतं. आतून प्रॉम्प्टर पानं उलटताना ऐकू येत होता. प्रेक्षकांना मात्र ते आवडलं. मीही सावरलो आणि कोट झटकून माझा प्रश्न टाकला.

“पळणाऱ्या माणसाचं तोंड तुम्ही पाहिलंत?”

तो पहिल्या रांगेकडे बघत राहिला.  आतून प्रॉम्प्टर कुजबुजला, “पाहिलं. पाहिलं.”

“आरं न्हाई बगितलं म्हंतो न्हवं!” पाहुणा त्याच्याकडे वळून म्हणाला.

थोडे लोक हसले आणि लगेच गप्प झाले, कारण पाहुणा रडत होता. नट रडतात तसं नव्हे. त्याचं नाक वाहत होतं आणि हातातल्या भंडाऱ्यापुढे त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं.

“पाठमोरा हुता. तोंड दिसलं न्हाई. पान्याच्या पाळीचा राग हुता माज्या पोटात, म्हून दादाचं नाव घ्येतलं. जिनं मला वाडीवलं तिच्या म्होरं घ्येतलं. तवा हातात बाजारची हळद हुती. आज द्येवाची हाय. दादानं गंजी पेटीवली न्हाई, मला ठावं न्हाई कुणी पेटीवली, पर म्या तोंड बगितलं न्हाई.”

माझ्या नाटकात खून होता. त्यात गंजी नव्हती, विहीर नव्हती, कोणी दादाही नव्हता.  मी खोटं सांगितलं म्हणणाऱ्या साक्षीदाराला कुठलाही वकील, अगदी शिकाऊसुद्धा, पुढचा प्रश्न हाच विचारतो: तुम्हाला हे कोणी पढवलं? तो प्रश्न माझ्या जिभेवर आला होता आणि साक्षीदार माझ्याकडेच पाहत होता. मी विचारला नाही. “मला आणखी काही विचारायचं नाही,” असं म्हणून मी खाली बसलो.

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शिट्ट्या झाल्या आणि मग रिवाजाप्रमाणे ओरडा सुरू झाला, “वन्स मोअर!” आमच्याकडे गाणं आवडलं की पुन्हा म्हणवून घेत. एखाद्या नायकाचं मरण आवडलं तर त्यालाही उठून पुन्हा मरावं लागे. पाहुण्याला हे माहीत नव्हतं. त्याने गोंधळून मला विचारलं, “काय म्हंत्यात?”

“पुन्हा सांग म्हणतात,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. पण त्याने नाही म्हटलं नाही. तळहात पुन्हा वर केला आणि म्हणाला, “पाठमोरा हुता...”

पहिल्या रांगेत थोरला भाऊ उठून उभा राहिला. “बास करा की रं!” तो मागे वळून सगळ्या थिएटरवर ओरडला. “यकदा सांगितलं, आयकलं. किती डाव बोलवतासा त्येला?”

लोकांना वाटलं, हाही आमचाच माणूस, प्रेक्षकांत बसवलेला. त्यांनी त्यालाही टाळ्या दिल्या. आमचे न्यायाधीश एका शाळेत गणित शिकवत. साक्षीदारच फिरल्यावर काय करायचं हे त्यांना सुचेना. त्यांनी आरोपीला निर्दोष सोडून दिलं आणि माझं चार अंकी नाटक दुसऱ्या अंकातच संपलं. पडदा पडला तरी लोक पाहुण्याला बोलावत होते. मला कोणी बोलावलं नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

मागच्या दाराशी थोरला भाऊ आला तेव्हा पाहुणा तिथे गाठोडं बांधत बसला होता. मीही होतो, अंगावर अजून वकिलाचा काळा कोट. पाहुणा त्याच्या पायांवर वाकला. थोरल्याने पाय मागे घेतले.

“म्हातारी आय गेली तवा मी तुरुंगात हुतो,” तो म्हणाला. “तिनं सांगावा धाडला हुता. ‘त्यो बेलभंडार उचलून खोटं बोलायचा न्हाई, तवा पेटीवलंस ते तूच, माज्या मातीला येऊ नगंस,’ म्हनली. येवडा तुज्यावर इस्वास तिचा.”

पाहुणा जमिनीकडे बघत होता. “तवा ती बाजारची हळद हुती, दादा.”

“त्ये आयकलं आत. तुज्या डोक्यात यायचं न्हाई ह्ये. ही अक्कल दिली कुणी?”

पाहुणा गाठोड्याची गाठ आवळत राहिला. त्याने माझ्याकडे मान वळवली नाही, डोळाही उचलला नाही. सगळ्या सांगलीसमोर त्याने स्वतःचं सगळं सांगून टाकलं होतं आणि माझा भाग मात्र झाकून ठेवला होता. इतक्या वर्षांत कोणी मला एवढं सांभाळून घेतलं नव्हतं, आणि मला त्याची भयंकर लाज वाटली.

“मी दिली,” मी म्हणालो. “तोंड दिसलं म्हण, हेही मीच सांगितलं.”

थोरल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, हात उगारेल. त्याने उगारला नाही.

“मग मगाशी तितं त्येच्या शेजारी उबं ऱ्हायाचं हुतं,” तो म्हणाला.

मग त्याने पाहुण्याचं गाठोडं उचललं. “चल. भाकरी खाऊन जा,” असं त्याला म्हणाला, आणि दोघे पुढे-मागे नदीच्या रस्त्याने निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो. सोमवारी सकाळी वकिलांच्या ओसरीवर एक नवा साक्षीदार माझी वाट बघत बसलेला होता, आणि मी त्याला आत बोलावलं.