थुवालला साजरा झालेला कोसोवोचा स्वातंत्र्यदिन

रियाधहून जेद्दाला जाणारं सकाळचं विमान पकडलं तेव्हा माझ्यावर एकच कामगिरी होती, मुलगा पाहण्याची. माझी धाकटी बहीण मुग्धा जेद्दाजवळ थुवालच्या विद्यापीठात प्रवाळांवर संशोधन करते. तिथल्याच द्रितान नावाच्या इंजिनिअरशी तिला लग्न करायचं होतं. तो कोसोवोचा. सांगलीहून बाबांनी फोनवर विचारलं, "या देशाला आपण मान्यता दिलीय का?"

"नाही. बऱ्याच देशांनी दिलीय. सौदीनेही."

"मग तूच बघून ये." धर्माचा प्रश्न आईने आधीच रडून विचारला होता.

जेद्दाला टॅक्सीवाले अन्वरभाई रत्नागिरीकडचे निघाले. "थुवालला काय बघायला, ताई?"

"मुलगा."

त्यांनी रेडिओ बंद केला आणि मला पाणी हवं का विचारलं. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला अधूनमधून तांबडा समुद्र. तो निळा आहे.

कोसोवोचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून कॅम्पसच्या किनाऱ्यावर खजुराच्या झाडाला निळा झेंडा बांधला होता. त्याच्यावरच देशाचा पिवळा नकाशा असल्यामुळे आकार कुणाला विचारावा लागला नाही. या देशाचे नागरिक दोघंच हजर होते, द्रितान आणि उमऱ्यासाठी (मक्केच्या यात्रेसाठी) आलेली त्याची आई, शुक्रियेबाई. बाकी आम्ही पाहुणे. राष्ट्रगीताला शब्द नाहीत, फक्त सूर आहे. ते मलाही बिनचूक जमलं.

मग फ्लिया (थरांची पोळी). परातीत पातळ पिठाच्या धारा सोडायच्या, वर निखाऱ्यांनी भरलेला साच (लोखंडी झाकण) ठेवायचा, थर भाजला की साय लावून पुढचा थर. दुपार त्यातच जाते. माझ्या पाळीला वारा सुटला आणि राख पिठात गेली. शुक्रियेबाईंनी तो थर खरवडून काढला, पळी पुन्हा माझ्या हातात दिली आणि काहीतरी म्हणाल्या. द्रितानने लगेच भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"तुमची बहीण फार चांगली आहे म्हणते. पण रोज समुद्रात उतरणारी सून तिला नको."

मी तोवर परीक्षकाच्या खुर्चीत होते. एकदम मुलीकडची झाले. मुग्धा किती हुशार, किती मायाळू, हे सांगू लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि साच उचलून बघितला.

"युद्धात माझा नवरा पीठ आणायला गेला," त्या म्हणाल्या. "तो आला नाही. स्वातंत्र्य जाहीर झालं त्या दिवशी थंडीत सगळे रस्त्यावर नाचत होते. मी दार उघडं ठेवून घरात बसले. देश झाला म्हटल्यावर वाटलं, आता येईल. पुन्हा कुणाची वाट बघायची ताकद माझ्यात नाही."

द्रितान हे इंग्रजीत सांगताना निखाऱ्यांकडे बघत होता.

मुग्धा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काम मी सोडणार नाही," ती म्हणाली. "पण मी कधी एकटी उतरत नाही. उद्या बोटीवर चला. काय करतो ते बघा. मग नाही म्हणालात तरी चालेल."

ज्या देशाला समुद्रच नाही तिथल्या बाई दुसऱ्या दिवशी लाइफ जॅकेट घालून बोटीत बसल्या. त्यांना बोट लागली, मलाही लागली. मुग्धा आणि तिची जोडीदारीण पाण्याखाली गेल्या तसा शुक्रियेबाईंनी माझा हात धरला. बुडबुडे वर येत होते. ते हलले की बाईंची मान तिकडे वळत होती. मलाही भीती वाटत होती. माझ्या बहिणीचं काम मी पहिल्यांदाच बघत होते.

मुग्धा वर आली, मास्क काढला आणि हसली. शुक्रियेबाईंनी आधी तिचे केस टॉवेलने खसाखसा पुसले. नंतर तिच्या पाठीत एक धपाटा घातला. द्रितान म्हणाला, "याचं भाषांतर लागणार नाही."

रात्री रियाधला पोचल्यावर बाबांना फोन केला. मुलाच्या आईला मुलगी पसंत आहे, असं सांगितलं. समोरूनही कुणी आपल्या मुलीला पारखत असेल, हे बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. नवऱ्याची, देशाची वाट बघून झालेल्या त्या बाईने आणखी एका माणसाची वाट बघायचं कबूल केलं होतं. त्यापुढे माझा अहवाल फारच थोडा होता.

"त्यांना इकडे यायला व्हिसाची अडचण येईल ना?" बाबांनी विचारलं.

"येईल बहुतेक."

"मग आपणच जाऊ," ते म्हणाले, आणि तिथे लग्नात मुलीकडच्यांनी काय न्यायचं असतं ते विचारून घ्यायला सांगितलं.