शेपूट खोटं बोललं तेव्हा

आमची ही इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात काम करते. तिथे सगळे तिला 'शेपूटबाई' म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही, मला मात्र वाटतं. मी शिंपी आहे, तोंडाने फटकळ आहे, आणि माझ्या बायकोला माझ्याशिवाय कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

नावामागचं कारण सांगतो. इस्पितळात कपाटाएवढं जुनं मशीन आहे, मेनफ्रेम म्हणतात त्याला. सगळ्या पेशंटांच्या नोंदी त्याच्या डिस्कवर असतात. डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या खणांची रांगच रांग. खणात पुढून नोंदी भरत जातात आणि खणाच्या टोकाला मशीन स्वतःसाठी एक चिमुकली चिठ्ठी ठेवतं: इथून पुढे रिकामं, आणि इतकं रिकामं. ही त्या चिठ्ठीला शेपूट म्हणते. नवा पेशंट आला की मशीन अख्खा खण उपसत बसत नाही. शेपूट वाचतं, डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवतं आणि दाखवलेल्या जागी लिहून मोकळं होतं.

"आणि शेपूट खोटं बोललं तर?" लग्न नवं असताना मी एकदा विचारलं होतं.

"तर नवा माणूस जुन्याच्या डोक्यावर बसतो. जुना ओरडतही नाही, कारण तो पुसला गेलेला असतो."

घ्या! लोक लग्नानंतर सिनेमाच्या गप्पा मारतात.

खण काठोकाठ भरलेला तिला चालत नाही. प्रत्येकात थोडी जागा राखायचीच. मोठे साहेब कुरकुरतात, "बाई, किती जागा वाया घालवता!" ही म्हणते, "उद्या येणारा माणूस कुठे बसवू? तुमच्या मांडीवर?" घरातही तेच. कपाटाची एक फळी कायम रिकामी. मी तिथे कापडाचे तागे कोंबले की घर डोक्यावर घेते.

गेल्या वर्षी इस्पितळाने नव्या डिस्क आणल्या. नोंदी तिकडे हलवायच्या, आणि हलवताना प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक नवी ओळ जोडायची: या पेशंटला कोणती औषधं चालत नाहीत. प्रोग्राम हिनेच लिहिला. सुट्टीच्या दिवशी काम उरकलं, नोंदी वाचून पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी. एक प्रत काढून ठेवली. साहेब खूश झाले. विभागप्रमुखाची खुर्ची हिला मिळाल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही चहा घेऊन माझ्या दुकानात आली. समोर वकीलसाहेब उभे. पोट सुटलेलं, कोट घट्ट. मी ऐटीत म्हटलं, "काळजी सोडा, आत दोन बोटं कापड राखलंय." शिवण उसवली तर आत काहीच नाही! त्याच्या आदल्याच वर्षी मी ते कापड वापरून कोट सैल केला होता आणि साफ विसरलो होतो. वकील हसले, मी ओशाळलो. ही मात्र पांढरीफटक पडली.

"अहो, नोंदी लांब केल्या मी," ती म्हणाली, "आणि शेपटं जुनीच उचलून ठेवली. जिथे नवी ओळ लिहिलीय तिथे अजून 'रिकामं' लिहिलंय. स्कूटर काढा."

वकिलांना तसंच अर्ध्या कोटात सोडून आम्ही निघालो.

पोहोचलो तेव्हा नोंदणीची खिडकी उघडली होती आणि रांग फाटकापर्यंत गेली होती. ही तडक मशीनच्या खोलीत गेली आणि नव्या नोंदी बंद करून टाकल्या. साहेब धावत आले. "वेड लागलंय का? काल तर सगळं ठीक होतं!"

"वाचायला ठीक आहे, साहेब. लिहायला नाही. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर कुणाची तरी औषधांची ओळ पुसली जातेय. आजचे पेशंट कागदावर घ्या."

साहेबांनी दाराबाहेर पाहिलं. आवाज खाली आणला. "बाहेर लोक खवळलेत. आज चालू द्या, संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करा. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"पडू दे," ही म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. आता प्रत्येक खण पुढून शेवटपर्यंत वाचायचा, नोंदी मोजायच्या आणि शेपूट नव्याने लिहायचं. साहेब बोलत राहिले, हिने मान वर केली नाही. माझ्यासमोर कुणी तिच्यावर आवाज चढवला म्हणून मी पुढे झालो, तर मलाच दटावलं, "तुम्ही गप्प बसा हो!" बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. वरच्या वॉर्डातली सिस्टर होती. "एका आजींची नोंद स्क्रीनवर बघतेय. नाव बरोबर आहे, पण न चालणाऱ्या औषधांच्या जागी भलत्याच बाईचा पत्ता दिसतोय. मला इंजेक्शन द्यायचंय. देऊ?"

"देऊ नका! फोन ठेवू नका!" हिने कालच्या प्रतीत आजींचं नाव शोधलं. ओळ सापडली. हातातलं इंजेक्शन कोणतं, म्हणून हिने विचारलं. सिस्टरने नाव सांगितलं.

तेच. नेमकं तेच.

साहेब स्वतःच खिडकीवर गेले आणि पेशंट कागदावर घ्यायला लावले. दुपार कलेपर्यंत शेपटं सरळ झाली, पुसलेल्या ओळी प्रतीवरून परत आल्या. अहवालात साहेब चांगुलपणाने 'तांत्रिक बिघाड' लिहू म्हणाले. हिने पेन घेतलं आणि लिहिलं: चूक माझी. खुर्ची दुसऱ्याला गेली.

निघण्याआधी ही वर वॉर्डात गेली आणि आजींना सगळं सांगितलं. आजींनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी सकाळभर पुसलेलीच होते?" म्हणाल्या, "तरीच नाश्ता आला नाही!" आणि खो खो हसल्या.

परत येताना ही स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून रडायला लागली. मी म्हटलं, "जाऊ दे गं. खुर्चीचं काय घेऊन बसलीस?"

"खुर्ची नाही हो," ती म्हणाली. "आजी हसल्या."