हौदा मोजणाऱ्या टेपताई

टेपताई आमच्या शोरूममध्ये आल्या तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस होतं आणि गाड्या विकण्याचा अनुभव शून्य. त्याआधी अकरा वर्षं त्या फर्निचरच्या दुकानात कपाटं विकत होत्या. पर्समध्ये स्टीलची मोजायची टेप ठेवायची सवय तिथली, आणि हे नावही तिथलंच. गिऱ्हाईक कपाटाचा रंग बघत असलं की या विचारायच्या, "घराचं दार किती रुंद आहे?" कपाट आवडलं, विकत घेतलं आणि जिन्यात अडकलं, असं त्यांच्या हातून एकदाच झालं होतं. तेवढ्यावरून त्या कायमच्या शहाण्या झाल्या.

मी मागच्या वर्कशॉपचा फोरमन. डिझेलच्या इंजिनांत माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे कंपनी विजेवर चालणारी पिकअप आणणार हे कळलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, हे आधीच कबूल करतो. बाकी सगळे मात्र हरखून गेले होते. बुकिंगची रक्कम किरकोळ, तीही परत मिळणारी. आठवड्यात दोनशे तीस नावं आली. दारापर्यंत रांग, मॅनेजरसाहेब जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

ताई त्या रांगेकडे बघून मला म्हणाल्या, "फोरमनभाऊ, यांत घेणारे किती आणि बघे किती?"

"नावं तर दिलीत सगळ्यांनी."

"नाव द्यायला काय लागतं? जेवायला या म्हटलं की सगळे हो म्हणतात. पानं मांडायची वेळ आली की कळतं."

गाड्या यायला चौदा महिने लागले. आल्या तेव्हा किंमत बदलली होती. साध्या डिझेल पिकअपला शंभर पडत असतील, तर हिला एकशेतीस पडतील असं आधी जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात आकडा निघाला एकशेनव्वद. कंपनीचं म्हणणं, बॅटरी महाग झाली. बॅटरी होतीही भलीमोठी, एकदा चार्ज केली की चारशे किलोमीटर. शिवाय दोन पडदे, मऊ चामड्याच्या सीट आणि आपोआप सरकणारं काचेचं छप्पर. काचेच्या छपराखाली सिमेंटची पोती कोण वाहणार, असं मी विचारलं. कुणी हसलं नाही.

दोनशे तिसांपैकी अकरा जणांनी गाडी घेतली. बाकीच्यांचे फोन लागायचे, पण माणसं लागायची नाहीत. बावीस पिकअप मागच्या पटांगणात उभ्या राहिल्या. बॅटरी उतरू नये म्हणून मी त्या पंधरवड्याला एकदा चार्ज करायचो, चाकं बसू नयेत म्हणून जरा पुढेमागे ढकलायचो. इतक्या महाग गाड्यांवर चिमण्या बसलेल्या मी त्यापूर्वी पाहिल्या नव्हत्या.

मग साहेबांनी किंमत उतरवली. एकशेनव्वदवरून एकशेपासष्ट. आणि दुसऱ्याच दिवशी बेकरीवाला आला. अकरांतला हा सगळ्यात पहिला, आणि त्याला गाडी ताईंनी विकली होती. तो ओरडला नाही. पाव पोचवून तसाच आला होता, पीठ लागलेला ॲप्रन अंगावर होता. ताईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी आधी आलो ही माझी चूक का? जो थांबला तो शहाणा, आणि ज्यानं विश्वास ठेवला तो वेडा?"

ताईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "तुमचं बरोबर आहे. मला थोडे दिवस द्या." पुढे त्यांनी कंपनीला चार पत्रं पाठवली. चौथ्या पत्रानंतर त्या अकरा जणांना पाच वर्षं सर्व्हिसिंग फुकट मिळालं. पण ते पुढे. त्या दिवशी जाताना त्या मला म्हणाल्या, "काल एकशेनव्वद का आणि आज एकशेपासष्ट का, हे मलाच सांगता येत नाही. जी किंमत मला समजावून सांगता येत नाही, ती मी दुसऱ्याकडून कशी घेऊ?"

पुढच्या सुट्टीपासून त्यांनी एक उद्योग सुरू केला. ज्यांनी बुकिंग मोडलं होतं, त्यांच्या दारात जायचं. विकायला नाही, विचारायला. पहिल्याच सुट्टीत त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं विचारून भागत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण एकदा मीही सोबत होतो. ते घर प्लंबरचं. मोठ्या मिश्या, जुनी डिझेल पिकअप, हौद्यात पाइपांची मोळी.

"दिवसाला किती किलोमीटर होतात?" ताईंनी विचारलं.

"दीडशे धरा. कधी दोनशे. म्हणून तर म्हणतो, विजेची गाडी आपल्याला झेपणार नाही. मधेच बसली तर?"

"आज आम्ही तुमच्याबरोबर फिरलो तर चालेल? तिघं मावतो पुढे."

तो गोंधळला, पण हो म्हणाला. ताईंनी सकाळचा मीटरचा आकडा लिहून घेतला. मग दिवसभर आम्ही गळके नळ, तुंबलेली मोरी, एका शाळेची टाकी आणि हार्डवेअरचं दुकान असं फिरलो. मोरीच्या वासानं मी बाहेरच थांबलो, ताई मात्र आत जाऊन त्याला टॉर्च धरून उभ्या राहिल्या. पाच वाजता त्याच्या अंगणात परत आल्यावर त्यांनी मीटर बघितला.

"सेहेचाळीस."

"शक्यच नाही," प्लंबर म्हणाला आणि खाली वाकून स्वतः बघू लागला. "आज काम कमी होतं."

"मग उद्यापासून आठवडाभर तुम्हीच लिहा."

आठवड्यानं त्याचा फोन आला. सर्वांत लांबचा दिवस एकाहत्तरचा होता. "आणि ताई," तो म्हणाला, "बायको म्हणते, मी पगारही असाच सांगायचो लग्नाआधी."

असं करत, काहींबरोबर फिरून आणि बाकीच्यांना मीटर लिहायला लावून, पाच महिन्यांत ताई चौऱ्याऐंशी जणांना भेटल्या. त्यांचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने घराबाहेर. घरात त्या आणि सासरे. सासरे बसचे निवृत्त कंडक्टर, तिकिटांचे आकडे तोंडपाठ ठेवलेला माणूस. सुनेनं आणलेले कागद ते जेवणाच्या टेबलावर पसरायचे आणि गटवारी लावायचे. मी एकदा गेलो तेव्हा चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "चौऱ्याऐंशीतले एकसष्ट जण रोज नव्वद किलोमीटरच्या आत. सगळ्यांचा सूर मात्र, आम्ही देश पालथा घालतो. माझ्या बसमध्येही असेच असायचे, दोन थांबे जायचं आणि सामान महिन्याचं."

त्या कागदांतून निघालेली गोष्ट सरळ होती. रोज पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याचं डिझेल वाचून वाचणार किती? एकशेनव्वदच्या किमतीला डिझेलपेक्षा जास्तीचे नव्वद मोजले, तर ते भरून यायला अकरा वर्षं. तोवर गाडीच म्हातारी. लोकांनी वह्या-पेन्सिली घेऊन हे मांडलं नव्हतं, पण आतून त्यांना कळलं होतं. बॅटरी निम्मी केली आणि नखरे काढले, तर तेच पाच वर्षांत भरून येत होतं.

टेपही चालूच होती. आठ बाय चारची प्लायवूडची शीट या गाडीच्या हौद्यात सपाट बसत नव्हती. चाकांवरचे दोन फुगवटे आडवे यायचे, दोन बोटांनी. सुतार, रंगारी, बोर्ड रंगवणारे, सगळ्यांनी हेच सांगितलं होतं आणि कंपनीच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं.

काही जणांना त्यांनी गाडी घेऊ नका असंही सांगितलं. मासळीच्या पेट्या किनाऱ्यावरून आणणारा एक जण पैसे घेऊन तयार होता. त्याची रोजची फेरी तीनशे किलोमीटर, मधे घाट, बर्फाचं वजन. ताई त्याला म्हणाल्या, "तुमची डिझेलच बरी. दोन-चार वर्षांनी बघू."

साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्हाला पगार कोण देतं?"

"तुम्हीच देता साहेब. म्हणून सांगते, तो घाटात अडकला असता तर सगळ्या मासळीबाजाराला ओरडून सांगितलं असतं. आपल्याला एक गिऱ्हाईक मिळालं असतं, आणि बाजार गेला असता."

त्यानंतर मुख्य कार्यालयातून किंमत ठरवणाऱ्या खात्याच्या अधिकारी आल्या. हुशार बाई, बोलणं नेमकं. भिंतीवर चित्रं दाखवून त्यांनी सांगितलं, की लोकांना बॅटरी आणखी मोठी हवी आहे. तसा सर्व्हे होता, दहातले आठ जण हो म्हणाले होते.

मागच्या खुर्चीवरून ताई उठल्या. "मॅडम, मलाही विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. मोठं नको कुणाला? पण त्याचे किती पडतील, हे सांगून विचारलं होतं का?"

साहेबांनी छताकडे बघितलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "नाही. ते विचारलं नव्हतं."

मग ताईंनी सगळ्यांना पटांगणात नेलं. सुताराकडून एक शीट आणून ठेवली होती, ती अधिकारी बाईंना स्वतः हौद्यात घालायला सांगितली. बाईंनी उभी घातली, आडवी घातली, शेवटी तिरकी टेकवून हात झटकले. ताईंनी चौऱ्याऐंशी जणांचे कागद त्यांच्या हाती दिले. बाई ते घेऊन गेल्या.

आणि काही झालं नाही. आठ महिने चकार शब्द नाही. उलट आठवड्याभरात साहेबांनी ताईंना विक्रीवरून काढून पायपुसण्या, सीट कव्हरं आणि आरसे विकायच्या काउंटरवर बसवलं. वर्कशॉपच्या दाराशी, कोपऱ्यात. मला वाटलं, आता या राजीनामा देतील. मी तसं बोललोही.

"राग आलाय का विचाराल, तर आलाय," त्या म्हणाल्या. "घरी सासऱ्यांशी दोन दिवस बोलले नाही, त्यांचा काही दोष नसताना. पण या काउंटरवर माणूस गाडी घेतल्यानंतर येतो. तेव्हा तो खरं बोलतो."

त्या कोपऱ्यात बसून त्यांनी काय केलं, तर सुताराकडून एक लाकडी चौकट करून घेतली. ती हौद्यात ठेवली की फुगवट्यांच्या वर सपाट पाट तयार व्हायचा, वर शीट आडवी आणि खाली हत्यारं. ताईंनी मापं दिली, कोपऱ्यांना पत्रा मी मारला. पहिली चौकट बेकरीवाल्यानं घेतली, पावाच्या ट्रे रचायला. आठ महिन्यांत चाळीसवर चौकटी गेल्या, त्यांतल्या बहुतेक डिझेल पिकअपवाल्यांनी नेल्या. मॅनेजरसाहेब एकदा काउंटरपाशी घुटमळले आणि चौकटीवर हात फिरवून गेले.

नवव्या महिन्यात छोट्या बॅटरीची पिकअप आली. एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर, एकच पडदा, धुता येतील अशा सीट, छप्पर पत्र्याचं. किंमत एकशेचाळीस, आणि सोबत लेखी हमी, की वर्षभर ती उतरणार नाही. हौदा मात्र तोच. साचा बदलायला फार खर्च येतो, असं अधिकारी बाईंनी पत्रात कळवलं होतं. पत्र ताईंच्या नावानं होतं आणि त्यात लिहिलं होतं, "तुमचा प्रश्न आम्ही पुढच्या सर्व्हेत घातला. आठांचे तीन झाले."

साहेब ते पत्र घेऊन स्वतः कोपऱ्यापर्यंत आले. मोठ्या मनाचा माणूस नव्हता, पण अगदी कोताही नाही. "तुमचं टेबल पुसून ठेवलंय," एवढंच म्हणाले.

ताईंनी एकसष्ट जणांना फोन लावले. या खेपेला माणसंही लागली. तीन महिन्यांत सत्तावीस जणांनी गाडी घेतली, प्लंबर त्यांत तिसरा. आता मी दुसऱ्या शोरूमचे आकडे ऐकतो, तिथेही छोटीच जास्त खपते. पटांगणातल्या मोठ्या बावीस गाड्या मात्र पुढची दोन वर्षं मलाच ढकलाव्या लागल्या. त्यांतल्या शेवटच्या चार एका चित्रीकरणवाल्यानं दिवे लावायला नेल्या, त्याला मोठी बॅटरीच हवी होती. तोही ताईंनीच शोधला.

ताई आता विक्रीच्या प्रमुख आहेत. नवीन माणूस आला की पहिला आठवडा त्याला शोरूममध्ये उभं राहू देत नाहीत. परवा विमा एजंटचं काम सोडून आलेले एक गृहस्थ रुजू झाले. चाळिशीचे, कडक इस्त्री. त्यांना पाण्याचे जार पोचवणाऱ्याच्या पिकअपमध्ये दिवसभरासाठी पाठवलं. संध्याकाळी परत आले तेव्हा शर्ट चुरगळलेला, कंबर धरलेली.

"ताई, आज एकही गाडी विकली नाही मी," ते ओशाळून म्हणाले.

"गाडीतून किती वेळा उतरलात?"

त्यांनी खिशातून कागद काढला. "त्रेपन्न वेळा. आणि तिचं पायदान फार उंच आहे."

ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पाणी प्या. आणि पायदानाचं नीट सांगा."