कडीजवळची गाठ

आबांच्या तोंडात एक शब्द कायम ठाण मांडून बसलेला असायचा: देखावा. शेजारीण उंबऱ्यातूनच "जेवून जा हो" म्हणाली, तर देखावा. आजाऱ्याला भेटायला आलेला पाहुणा फळांची पिशवी ठेवून घड्याळाकडे बघत बसला, तर देखावा. आत काही नाही आणि वर थाट, असं दिसलं की झालंच. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. लाकडाला पॉलिश मारणंसुद्धा त्यांना लबाडी वाटे.

आणि अशा माणसाच्या पोटी मुलगी निघाली ती लोखंडी दारांवर सागवान रंगवणारी! पिवळट रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळला की वर पातळ तपकिरी, आणि तो ओला असतानाच रबरी फणी ओढून लाकडाच्या रेषा काढायच्या. लोक दार ठोकून बघत आणि फसल्याबद्दल स्वतःलाच हसत. आबांनी मात्र सोळा वर्षांत तिचं एकही दार पाहिलं नव्हतं. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं, तर म्हणत, "देखावे." तिला ते फार लागायचं. वाहवा करणारे शंभर असले, तरी घरचा एक माणूस पाठ फिरवून बसला की घास गोड लागत नाही.

यंदा आबांनी स्वतः घडवलेलं घराचं दार वाळवीने पोखरलं. त्या जागी लोखंडी आलं. "रंगवू का?" तिने भीत भीत विचारलं.

"तुझी मर्जी," आबा म्हणाले. हा नकारच होता, पण तिने तो होकार धरला.

ती कामाला लागली. आबा अंगणात खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले. दुपारपर्यंत त्यांनी पान उलटलं नव्हतं. ती कडीपाशी पोहोचली आणि ओल्या रंगात बोटाने लाकडात असते तशी एक झकास गाठ वळवली.

"कडीजवळ गाठ?" मागून आवाज आला. आबा कधी उठले, तिला कळलंच नाही.

"छान दिसते, आबा."

"दिसते! स्क्रू पिळला की फळी उभी चिरेल. अक्कल गहाण टाकलेला सुतारही असली फळी इथे लावायचा नाही."

"अहो, लोखंड आहे हे. कसं चिरेल?"

"ते मला सांगतेस? रस्त्याने जाणाऱ्याला काय माहीत? तो म्हणेल, म्हातारा संपला. साधी फळी निवडता येत नाही."

तिचा हात थांबला. दार बघणाऱ्याला ते आबांनीच घडवलंय असं वाटणार, हे आबांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"मग कुठे घेऊ?"

"खाली. बिजागरीपासून वीतभर लांब. आणि हे ओलं आहे तोवर पूस, रडतेस काय?"

पण तिची वाट न बघता त्यांनी तिच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि गाठ स्वतःच पुसायला घेतली.