दाजींची ‘ती’

दाजी गेल्याचं सुधाताईने फोनवर सांगितलं आणि हुंदका आवरत लगेच विचारलं, “खरं सांग, ती कोण होती?” संशय माझ्याही मनात होता... बहिणीचा नवरा, म्हणून ओठांवर आणला नव्हता इतकंच.

पार्सिपनीच्या घरातल्या बेसमेंटमध्ये दाजी छोट्या आगगाड्या जुळवत. तो नाद म्हणजे निव्वळ निमित्त, असं आम्हा भावंडांचं मत. फोन आला की ते खाली जात, दार लोटून घेत, आणि जिन्यावर ताईच्या कानी तुकडे पडत. “रंग उडालाय, पण अजून देखणी आहे यार.” “शनिवारी तिला बघायला पेनसिल्व्हेनियाला ड्राइव्ह करतो.” ताईला गाडी लागते, त्यामुळे ती सोबत जायची नाही. हे दाजींच्या चांगलंच पथ्यावर पडतंय, असं मला वाटायचं.

दिवस झाल्यावर फोनवरचे ते मित्र भेटायला आले, नागपूरचे देशपांडेकाका. बेसमेंटमध्ये बसलो असताना मी सरळच विचारलं. ते आधी हसले, मग त्यांचे डोळे भरले.

“अरे, गाडी! मराठीत गाडी ‘ती’च ना?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोंगरातला कोळसा हडसन नदीपर्यंत आणणारी एक रेल्वे कंपनी होती. घरं तेलावर तापू लागली, उरलेला माल ट्रकांनी पळवला, कंपनी बुडाली, रूळ उखडले. ताई रोज फिरते ती पायवाट म्हणजे त्या रेल्वेचाच जुना मार्ग. तिच्या गाडीचा उरलेला एक गंजका डबा बघायला दाजी जात, आणि बेसमेंटमध्ये तीच रेल्वे जुळवत. पण बुडालेलीच कंपनी का, मी विचारलं. काका म्हणाले, “चालू रेल्वे सारखी बदलते. हिचं सगळं घडून गेलंय. आपल्याला आवडेल तो दिवस निवडायचा आणि तिथेच थांबायचं.”

ताई ऐकत होती, पण तिची नजर टेबलावरच्या चिमुकल्या स्टेशनवर होती. फलाटावरच्या बाकावर पिवळा कोट घातलेली, बॅग घेतलेली एक बाई.

“मग ही कोण?”

काका वाकून बघत म्हणाले, “हिच्याबद्दल तो कधी बोलला नाही.” दाजींचा मला तेव्हा फार राग आला... एवढं तरी सांगून जायचं.

आता शनिवारी मी जातो तेव्हा ताई खालीच असते. पिवळ्या कोटवालीला चिमटीत धरून कोळशाच्या उघड्या डब्यात बसवते, बटण दाबते. “जा बाई एकदाची,” म्हणते. पण रूळ गोल आहेत. गाडी डोंगराला वळसा घालून पुन्हा त्याच फलाटाला लागते. मग ताई तिला उचलते, कोटावरची धूळ फुंकते आणि परत बाकावर बसवते.